केडगाव नाक्यापुढची सरळ रेघ

ती घटना मी विसरलो, असं इतकी वर्षं सांगत आलो. ते खोटं होतं. आता नोकरीही उरली नाही, तेव्हा जसं घडलं तसं लिहितो.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मी नगरला फौजदार होतो. पुण्याहून नगरच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग आणणाऱ्या एका वाहतूक कंपनीच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली. लाकडी खोकी वरून धड यायची, आतले महागाचे भाग मात्र कमी. गुरुवारच्या गाडीतच हे घडत होतं.

कंपनीने एका खोक्यात चावीवर चालणारं यंत्र ठेवलं होतं. आत कागदाची पट्टी सरकायची आणि सुई तिच्यावर रेघ काढायची. गाडी धावत असली की रेघ थरथरायची, थांबली की सरळ व्हायची, खोक्याला धक्का बसला की टोक वर जायचं. पट्टीवर वेळ छापलेली असे. गावाचं नाव नसलं तरी गाडी किती वाजता कुठे होती, हे त्यावरून काढता यायचं.

चालकांनी याला हरकत घेतली होती. केडगावात बऱ्याच जणांची घरं. माल उतरवण्याआधी घरी जेवून जायची रीत होती. 'रस्त्यात काय मोजायचं ते मोजा, आमी घरी किती येळ बसतो ते मालकाला कशाला?' असं त्यांचं म्हणणं. म्हणून लेखी ठरलं, की केडगावचा जकात नाका आला की तिथे जकात भरणाऱ्या कंपनीच्या कारकुनाने किल्ली फिरवून यंत्र बंद करायचं.

मला वाटलं, जिथे यंत्र बंद, तिथेच चोरी. त्यातच नाक्याजवळच्या पानवाल्याने खबर दिली, "गुरुवारची गाडी पिठाच्या गिरणीमागं चाळीपाशी थांबती, साहेब. पोतं उतरतं."

मी व्यवस्थापकाला बोलावलं. "कारकुनाने किल्ली फिरवल्यासारखं करायचं. यंत्र चालू ठेवायचं. चालकांना कळता कामा नये."

"साहेब, त्यांना लिहून दिलंय आम्ही."

"ते मी बघतो."

आमचे हवालदार वयाने माझ्या वडिलांच्या जवळचे. ते म्हणाले, "साहेब, यंत्र खोटं बोलत न्हाई हे खरं. पण ते इचारल्याबिगर बोलतंय, ही खोड चांगली न्हवं."

मी हसण्यावारी नेलं.

तीन गुरुवारच्या पट्ट्या आल्या. तिन्हींवर नाक्यापुढे अर्ध्या तासाची सरळ रेघ आणि तिच्या सुरुवातीला एक बारीक टोक. खोकं उघडल्याचीच खूण, असं मी धरून चाललो. चालकाला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षांत एक अपघात नाही; दोघे भाऊ गावी शेती बघणारे.

"गिरणीमागे काय उतरवतोस?"

"ज्वारीचं पोतं, साहेब. खोक्यावर ठिवतो, तितं उतरवतो."

"कोणासाठी?"

दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. "माल म्या न्हाई नेला," एवढंच त्याचं उत्तर. शेवटी मी उठलो. "ठीक आहे. गावी जाऊन तुझ्या भावांनाच विचारतो."

त्याने चटकन माझे पाय धरले. "भावांना न्हाई, साहेब. मला आत टाका, पर तितं जाऊ नका."

माणूस इतका घाबरतो म्हणजे माल भावांकडे जातो, असा मी अर्थ लावला. हवालदारांना ठाण्यात ठेवून जीप काढली.

भाऊ ओसरीवर बसले होते. मी सरळ विचारलं, "गुरुवारी केडगावात तुमचा भाऊ कोणाकडे ज्वारी टाकतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा अदबीने म्हणाला, "केडगावात? केडगावात कुठं, साहेब?"

आणि मी सांगितलं. "पिठाच्या गिरणीमागच्या चाळीत."

त्यांनी मला चहा दिला. माहीत नाही म्हणाले. माझा चहा संपायच्या आत धाकटा मोटारसायकल काढून निघून गेला, तेही मी फक्त पाहिलं.

ठाण्यात परतलो तेव्हा चालक बाकावर तसाच बसला होता. मी कुठून आलो हे कळल्यावर तो रडला नाही. म्हणाला, "माजी पोर राहती तितं. तिनं आपल्या मनानं लगीन केलं. जावई बौद्ध हाय, लई गुनाचा. वरीस झालं, माजे भाऊ तिला हुडकत्यात. आता घावली."

हवालदार माझ्या हुकमासाठी थांबले नाहीत. दोन शिपाई घेऊन तीच जीप पळवली. ते पोहोचले तेव्हा धाकटा भाऊ चाळीच्या तोंडाशी उभा होता, आणखी माणसांची वाट बघत. एक ट्रंक आणि दोन पिशव्या एवढ्यावर हवालदारांनी त्या दोघांना बाहेर काढून एसटीत बसवलं. कुठल्या, ते त्यांनी बापालाही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पत्ता तुमी इचारू नका, साहेब." माझ्या नोकरीत मला कोणी इतकं स्पष्ट बोललं नाही.

त्या संध्याकाळी दुसरं काही सुचेना म्हणून पट्ट्या पुन्हा टेबलावर पसरल्या. अगदी सुरुवातीला, रेघ थरथरायला लागण्याच्याही आधी, झाकण उचकटून पुन्हा ठोकल्यासारखी दोन उंच टोकं होती. तिन्ही पट्ट्यांवर. म्हणजे गाडी हललीच नव्हती तेव्हा खोकं उघडलं गेलं होतं, पुण्याच्या गोदामात. दुसऱ्या दिवशी तिथला गुरुवारची खोकी बांधणारा माणूस पकडला; तासाभरात त्याने कबुली दिली.

मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली. केस डायरीत मी लिहिलं, 'चौकशीअंती चालक निर्दोष.' भावांना पत्ता मी दिला, हे लिहिलं नाही.

चोरीचा पुरावा पट्टीच्या पहिल्या दोन इंचांत होता. तो भाग बघायला चालकांची हरकत कधीच नव्हती. त्यांनी झाकून ठेवायला सांगितलेलं तेवढंच मी आधी उघडलं. संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे. पण माणूस काही लपवतो म्हणजे गुन्हाच लपवतो असं नाही, हे मला शिकवायला त्या मुलीचं घर मोडावं लागलं.

व्यवस्थापकाला यंत्र नाक्यावर बंद करायला सांगायला मी विसरलो. पुढच्या महिन्यात त्याने आपणहून गुरुवारच्या पट्ट्या पाठवल्या. चालक तोच होता. नाक्यापुढे रेघ कुठेही सरळ झाली नव्हती. एमआयडीसीपर्यंत थरथरतच गेली होती.

त्याच दिवशी नाक्यावर जाऊन मी कारकुनाला सांगितलं, आता किल्ली खरंच फिरवायची.