मातीला या

आपल्या राज्याला प्राणी आहे, पक्षी आहे, झाड आहे, फूल आहे, फुलपाखरूसुद्धा आहे. माती मात्र नाही. हे लक्षात आल्यापासून माझ्या वडिलांना चैन पडेना. सांगलीकडे कृष्णाकाठी त्यांची काळीभोर जमीन आहे. राज्याची माती म्हणून तिचा मान व्हावा, असा ठराव गावच्या ग्रामसभेत मांडायचं त्यांनी ठरवलं. मला ते मनापासून पटलं, कारण मी त्याच मातीत वाढले. पावसात ती पाय सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या एका भेगेत माझी लहानपणची बांगडी अजून आहे.

अडचण एवढीच की लग्न होऊन मी रत्नागिरीला आले आणि वडिलांच्या लेखी बिनमातीच्या घरात पडले. "तुमच्यात माती कुठं हाय? नुसता दगूड," हे ते इतकी वर्षं हसत म्हणत आले. सासरे कधी उलट बोलले नाहीत, पण मला ते लागायचं. आमच्या बागेतली माती कुठून येते, ते मी बघत होते. कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले, आणि त्यात बाहेरून आणून भरलेल्या मातीत आंब्याची कलमं उभी. पावसाळ्यात तिच्यातली थोडी वाहून खाली गडग्याशी, म्हणजे जांभ्या दगडाच्या बांधाशी साचते. पाऊस सरला की ती घमेल्यांनी परत वर नेऊन झाडांना घालायची. या कामाला आमच्या घरात नुसतं 'माती' म्हणतात. मी नवी नवरी असताना बागेतून निघताना सासूबाई म्हणायच्या, "चपला झाडून ये गो." मला वाटायचं, बाईंना स्वच्छतेची फारच हौस दिसते. त्यांना खरं तर माती बागेबाहेर जायला नको असायची.

यंदा ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सासऱ्यांनी आपणहून माझ्या वडिलांना फोन केला. "उद्या माती हाय आमच्याकडं. तुमी या."

सांगलीकडे 'माती' म्हणजे अंत्यविधी. वडील "येतो" म्हणाले आणि फोन ठेवला. कुणाची, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. सासूबाई बरेच दिवस आजारी होत्या, तेव्हा त्यांनी मनाशी काय ते समजून घेतलं. उद्यावर का ठेवलं, तर मुंबईची माणसं यायची असतील. पहाटे निघून, आंबा घाट उतरून, पांढरं धोतर नि उपरणं अशा वेषात ते आमच्या अंगणात उभे राहिले, आणि सासूबाईंनीच त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

उलगडा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आलाय तर माती करूनच जा. माझी नको म्हंजे झालं."

वडिलांनी धोतर खोचलं. वय झालंय, नको म्हटलं तरी ऐकेनात. दुपारपर्यंत त्यांनी आमच्याबरोबर खालून वर घमेली वाहिली. सासरे प्रत्येक घमेलं ओतल्यावर हाताने माती बुंध्याकडे सारत होते, झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं. वडील ते बघत होते. मला त्या दोघांचाही फार अभिमान वाटला.

जेवणं झाल्यावर मात्र वडिलांना ठराव आठवला. "पावणं, तुमची एक पिशवी माती द्या की. ग्रामसभेत आमच्या मातीशेजारी ठिवतो. लोकास्नी फरक कळंल."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कातळात तीही सोय नाही.

सासरे आल्यागेल्याला रिकाम्या हाताने पाठवणाऱ्यांतले नव्हेत. ते शांतपणे म्हणाले, "नारळ न्या, कोकमं न्या, मे महिन्यात आंब्याची पेटी धाडतो. माती नाय देणार."

"एक पिशवी वो."

"तुमची हाय तिथं हाय. आमची आणलेली हाय."

मला माझ्या बापाचा स्वभाव ठाऊक आहे. ते रागावले तर या घराची पायरी पुन्हा चढायचे नाहीत, आणि मग मी कुणाच्या बाजूने बोलायचं? मी सुपारीचं ताट उगाच इकडचं तिकडे करत बसले.

उन्हं उतरल्यावर नारळ गाडीत ठेवले. वडिलांना बाग पुन्हा एकदा बघायची होती, म्हणून आम्ही बागेतून गाडीकडे निघालो. फाटकातून बाहेर पडल्यावर ते थांबले आणि परत आत वळले. मला वाटलं, उपरणं विसरलं असेल. शेवटच्या कलमापाशी जाऊन त्यांनी पायातल्या चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या आणि सगळी माती बुंध्याशी झाडली. मग धोतराचा सोगाही तिथेच झटकला. हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. सासरे फाटक धरून उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

चपला हातात धरून वडील अनवाणीच गाडीपर्यंत गेले.