५१२७ नंबरच्या बोटीचा बर्फ

नोकरीत पकडलेले सगळे चोर एका ओळीत उभे केले, तर ती ओळ रत्नागिरीहून निघून संगमेश्वरापर्यंत जाईल आणि शेवटच्या दोघांना नदीच्या पाण्यात उभं राहावं लागेल. त्यातले बहुतेक मी विसरलो. पण जिच्यात चोरच नव्हता, अशी एक अर्जचौकशी निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला आणि दीडशे नाखवे ठाण्यात शिरले. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत ‘अठरा इसम’ अशी नोंद केलेली आहे. कागदोपत्री ती बरोबर असेल. आवाज दीडशेंचा होता.

पुढे होता ५१२७ नंबरच्या बोटीचा मालक. असा उंच, की दारातून आत येताना त्याने मान वाकवली आणि बाहेर जाईपर्यंत सरळ केली नाही.

“सायब, गुन्हा दाखल करा. बर्फघरातली बाई पाळी विकते.”

प्रकरण असं होतं. बोट समुद्रात जायच्या आधी तिच्यात बर्फ भरावा लागतो. मच्छीमारांच्या सोसायटीचं बर्फघर होतं आणि तिथे बारा वर्षं एक बाई काम करत होत्या. आधी त्या खडूने फळीवर नंबर लिहायच्या. जो आधी आला त्याला आधी बर्फ. दोन महिन्यांपूर्वी सोसायटीने कॉम्प्युटर बसवला. बाई बोटीचा नंबर टाकायच्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर दोनच आकडे उमटायचे: आता कोण, पुढे कोण. तेव्हापासून ५१२७ कायम शेवटी.

“मी सहाला येऊन बसतंय,” नाखवा टेबलावर हात आपटून म्हणाला, “आणि ह्या बाईचा भाऊ अकराला येतो, सव्वाअकराला बर्फ घेऊन चालता होतो! काल मला बर्फ मिळेपर्यंत पाणी उतरलं. बोट गाळात बसली, सायब!”

भावाच्या बोटीचा नंबर २१२. सोमवारपर्यंत गुन्हा दाखल झाला नाही, तर बंदर बंद, असं सांगून सगळे निघून गेले. तासाभरात सोसायटीच्या चेअरमनचा फोन आला: गुन्हा दाखल झाला की बाईंना त्याच दिवशी घरी पाठवतो. म्हणजे बाईंची बारा वर्षांची नोकरी आणि बंदरावरची अब्रू माझ्या टेबलावर येऊन पडली होती. सोमवारला चार दिवस होते.

पहिली खबर दिली जेटीवर जाळी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. हा माझा जुना खबरी. त्याच्या कानात माशाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

“भाऊ पुढे जातो ते खरं,” जाळ्यातून मान वर न काढता तो म्हणाला, “पण ८९० वालापण पुढे जातो. त्याचं आणि बाईच्या सासरचं दहा वर्षं बोलणं नाय. लग्नात एकमेकांच्या पंगतीलासुद्धा बसत नायत. त्याला कशाला पुढे घालील ती?”

इथे मी थबकलो. वशिला भावाला लावतात, पैसे घेऊन परक्यालाही लावतात. पण सासरच्या वैऱ्याला फुकट पुढे घालणारी बाई मी कोकणात पाहिली नव्हती.

बाईंना जबाबासाठी बोलावलं. मी डोळे वटारले. या डोळ्यांपुढे तीन खुनी आणि एक तलाठी कबूल झाले होते. बाईंनी पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला.

“नंबर मागे-पुढे करता का?”

“सायब, ते मला येत असतं, तर माझ्या जावेला आधी मागे टाकलं असतं. मी नंबर टाकते, पडदा सांगतो, मी ओरडते. त्यापलीकडे त्या डब्यातलं मला काही कळत नाही.”

“भाऊ पुढे कसा जातो?”

“तेच मी त्याला विचारते. लाज वाटते मला. परवा त्याला म्हटलं, तू दुपारी ये. दुपारी आला, तरी पयला!”

गुन्हेगार स्वतःच्या अडचणीचा पुरावा असा वाढून देत नाही. मी एका महिला शिपायाला साध्या वेशात बर्फघरासमोर बसवलं. तिने दोन दिवस दोनच गोष्टी टिपल्या: कोणती बोट कधी आली आणि तिला बर्फ कधी मिळाला. रविवारी सकाळी ते कागद घेऊन मी माझ्या खोलीत बसलो. एका ठिकाणी आलेला क्रम होता ५१२७, ३३४०, ८९०, २१२. बर्फ मिळाला तो २१२, ८९०, ३३४०, ५१२७ असा. मला वाटलं, रांग नुसती उलटी केलीय. पण पुढच्या पानावर सगळ्यांत शेवटी आलेली १४०६ ही ८९०च्या मागे आणि ३३४०च्या पुढे घुसली होती. उलट्या रांगेत हे बसेना.

तेवढ्यात बाहेर पटांगणात हजेरी मास्तर बक्कल नंबर पुकारायला लागला. आमच्याकडे शिपाई नावाने नाही, छातीवरच्या बिल्ल्याच्या नंबराने ओळखतात आणि हजेरीही त्याच क्रमाने होते. कोण आधी आला, कोण मागून पळत आला, याच्याशी मास्तरला देणंघेणं नसतं. लहान नंबर आधी, मोठा नंतर. मी कागदाकडे पाहिलं आणि एवढ्या जोरात ओरडलो, की कोठडीतल्या आरोपीने घाबरून न केलेली एक सायकलचोरी कबूल केली.

“अरे, ही रांग नव्हेच! ही हजेरी आहे!”

थांबलेल्या बोटींमध्ये ज्या बोटीचा आकडा सगळ्यांत लहान, तिला आधी बर्फ. प्रत्येक वेळी. भाऊ आणि वैरी, दोघांच्या बोटी जुन्या, म्हणून नंबर लहान. पण हे ठरवलं कोणी?

सोसायटीला प्रोग्राम लिहून देणारा होता केळशीचा, तिशीतला. पुण्याची नोकरी घरूनच करणारा. दुपारी तो लॅपटॉप घेऊन ठाण्यात आला. बाईही होत्या.

“सर, मी दहा दिवस तपासून दिलाय. रांग बरोबर चालत होती.”

“तपासताना कोणते नंबर टाकले?”

“नोंदणीच्या पुस्तकातले. पूर्ण, सुरुवातीच्या अक्षरांसकट.”

मी बाईंकडे वळलो. “तुम्ही काय टाकता?”

“शेवटचे आकडे. पूर्ण नंबर बंदरावर कोण म्हणतो? म्हणून होईपर्यंत बर्फ वितळेल.”

प्रोग्रामरने कपाळावर हात मारला आणि मग मला जे सांगितलं, ते ऐकून मी चहा प्यायचा विसरलो. जावास्क्रिप्ट या भाषेत ‘ऑब्जेक्ट’ नावाची एक तयार वही मिळते. बोटीचा नंबर सांगा, ती त्या बोटीचं पान काढून देते. नंबरात अक्षरं असली, तर पानं आली त्याच क्रमाने राहतात. नुसते आकडे असले, तर ती वही कुणाला न विचारता लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेते.

“तिला हा शहाणपणा कोणी सांगितला?”

“भाषेचा नियमच आहे, सर. त्या वहीवर मी रांग चालवायला नको होती.”

आता माझी उत्सुकता पेटली. ठाण्यात नवीन रजिस्टर उघडताना आम्ही पानं मोजतो, ती कोरी आहेत हे पाहतो आणि पहिल्या पानावर दाखला लिहून सही करतो. मी विचारलं, “तुमची वही उघडली, तेव्हा कोरी होती ना?”

त्याने बर्फघराच्या प्रोग्राममध्ये, बोट रांगेत आहे का ते शोधायच्या चौकटीत, नंबराच्या जागी इंग्रजीत ‘कन्स्ट्रक्टर’ असा शब्द टाकला. यंत्र म्हणालं: नोंद आहे, पाळी द्यावी?

“ही कोणाची बोट?” बाई पुढे झुकल्या.

“कोणाचीच नाही. ऑब्जेक्टच्या मागे एक मूळ वही असते. पुढच्या वहीत सापडलं नाही, की प्रोग्राम मागच्या वहीत बघतो. असे काही शब्द तिथे आधीपासून असतात. ते सापडले, तरी ‘आहे’ म्हणतो.”

“म्हणजे नसलेल्या बोटीला बर्फ!” मी म्हणालो. “असं रजिस्टर मी उघडलं असतं, तर साहेबांनी मला पोहत घरी पाठवलं असतं. तोडा ती मागची वही.”

“तोडता येते, सर. पण आकडे तरीही लहान-मोठे लागतील.”

“मग दुसरी वही नाही तुमच्या भाषेत?”

“आहे. मॅप.” तो खाली बघून म्हणाला. “त्यात आपण टाकू तेवढंच असतं आणि टाकू त्याच क्रमाने राहतं.”

“मग आधीच ती का नाही घेतली?”

“सवय, सर. दोन कंस टाकले की ऑब्जेक्ट तयार. हात तिकडेच जातो.”

त्याने तिथेच बसून बदल केला. पुन्हा तोच इंग्रजी शब्द टाकला. यंत्र म्हणालं: नोंद नाही.

सोमवारी सकाळी जेटीवर अख्खा जिल्हा लोटला होता. निदान मला तरी समुद्र दिसत नव्हता. मी बाईंना म्हटलं, टाका. त्यांनी आधी ५१२७ टाकला, मग ३३४०, मग स्वतःच्या भावाचा २१२. पडद्यावर आकडे उमटले. आता: ५१२७. पुढे: ३३४०. भाऊ मागे राहिला आणि गर्दीतून हसला.

उंच नाखवा पडद्याजवळ जाऊन आकडे वाचून आला. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “अर्ज मागे घेतो, सायब.”

“सायबांच्या कानात काय सांगतोस?” बाई खिडकीतून कडाडल्या. “चोर म्हणालास तेव्हा पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं. तेवढ्याच मोठ्याने बोल!”

नाखव्याने टोपी काढली. “बाईची चूक नाय! माझी चूक झाली!” तो खरोखर तेवढ्याच मोठ्याने ओरडला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, “५१२७, लाद्या उचला. मागे लोक थांबलेत.”

चौकशी बंद करताना अहवालात मी लिहिलं, की कोणत्याही इसमाचा दोष आढळून आला नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. प्रोग्रामरचा हात सवयीने ऑब्जेक्टकडे गेला, तसा माझाही हात सवयीने जवळच्या माणसाकडे गेला होता. फायदा भावाचा म्हणजे दोष बहिणीचा. नोकरीभर मी हेच सूत्र वापरलं आणि बहुतेक वेळा ते चाललंही. बहुतेक वेळा चालणारी गोष्ट कोणत्या वेळी चालत नाही, हे मात्र आधी माहीत करून घ्यावं लागतं.

या हकिकतीत मी बऱ्याच ठिकाणी तिखटमीठ लावलंय, ते वाचकांनी ओळखलं असेलच. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी सांगतो. पहिल्याच संध्याकाळी, जाळीवाल्या म्हाताऱ्याला भेटायच्या आधी, बाईंविरुद्धची फिर्याद टाइप होऊन माझ्यासमोर आली होती, आणि सही करायला मी पेनाचं टोपण काढलं होतं.