ग्रुपवर टाकलेली चावी

पवईच्या आमच्या ऑफिसात फोन वाजला की ग्राहकाची माहिती आपोआप स्क्रीनवर यावी, म्हणून मी फोनची आणि ग्राहकांच्या नोंदींची अशा दोन सिस्टिम जोडल्या. त्या एकमेकींना जिच्यावरून ओळखतात ती गुप्त चावी, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, सरांच्या मेलवर आली होती. त्यांनी ती सरळ ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. "तू रजेवर गेलीस तर काम अडायला नको ना!" खाली पटापट अंगठे आले.

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे मी चावी रद्द केली. सगळ्यांच्या स्क्रीन कोऱ्या.

"अगं, वाट लावलीस!" सर ओरडले.

ओरडू देत. मी सिस्टिमलाच नवी चावी बनवायला आणि परस्पर स्वतःच्याच डिजिटल तिजोरीत ठेवायला लावली. नावं पुन्हा दिसू लागली.

सरांनी मोबाइल काढला. "हं, सांग नवी चावी."

"मलाच माहीत नाही, सर."