कमलचं पांढरं बटण

परिपाठ संपवून मुलं वर्गात बसली होती, मी हजेरी घेत होते आणि फोन वाजला. शाळेत फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, पण नाव सखूबाईंचं होतं आणि सखूबाई आपणहून कधी फोन करत नाहीत. "कमल गेली वं, बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत नव्हता. वाशीमकडच्या आमच्या मालेगावातल्या कमलच्या शिवणाच्या दुकानातून मशीनच्या आवाजाशिवाय फोन आलेला मला आठवत नाही.

याला आता दीड महिना होईल. जऊळक्याला तिच्या माहेरी बुद्धवंदना झाली, तिथे मी मागच्या रांगेत उभी होते. तेव्हा रडू आलं नाही. आलं ते चार दिवसांनी, कपाटात तिनं शिवलेला ब्लाउज सापडला तेव्हा. बाहीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलेलं. "मास्तरीणबाई, तू बसून खातं, तुले लागन," म्हणाली होती.

आमची ओळख फॉल-पिकोची. मैत्री झाली ती रहस्यकादंबऱ्यांमुळे. एकदा साडीला फॉल लागेपर्यंत मी पिशवीतलं पुस्तक काढून वाचत बसले. तिनं मशीन न थांबवता विचारलं, "काय हाय त्यात?" म्हटलं, खून आहे. "मंग मनातल्या मनात काय वाचून राह्यली? आमाले बी सांग ना, कोणाचा झाला तं." त्या दिवसापासून शाळा सुटली की तासभर मी दुकानात बसून मोठ्यानं वाचायचे. कमल शिवायची, तिची भाची तुरपाई करायची आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या सखूबाई चटईवर बसून काजबटण करायच्या. कमलला पुस्तक नवंच लागायचं. जुन्या गोष्टीतला खुनी गावभर झालेला असतो, त्यात काय मजा, असं तिचं म्हणणं. त्यातही चेटकिणीची गोष्ट असली तर तिचा पाय मशीनवर हळू व्हायचा. आजकाल तशा रहस्यकादंबऱ्या बऱ्याच निघतात, म्हणून मी वाशीमला गेले की शोधून आणायचे.

मला एक वाईट खोड आहे, शेवटचं पान आधी पाहायची. ही खोड कमलनं दुसऱ्याच पुस्तकाला पकडली. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरली आणि कडेनं कच्चा टाका घालून बंद करून टाकली. पुढं प्रत्येक नव्या पुस्तकाचं हेच झालं. शेवटच्या प्रकरणाशी आलो की वाटीत बटणं टाकून मतं घ्यायची. चेटकिणीवर संशय असेल तर काळं, दुसऱ्या कोणावर असेल तर रंगीत, आणि पुरावाच नसेल तर पांढरं. काळं, रंगीत टाकणाऱ्यानं पुरावा सांगायचा. सखूबाईंचं काळं ठरलेलं. "पुरावा?" कमल विचारायची. "तिचे डोये पाह्य ना कसे हायेत!" सखूबाई म्हणायच्या, आणि आम्ही हसून बेजार. कमल मात्र नेहमी पांढरंच टाकायची. हरायला घाबरते म्हणून मी तिला चिडवायचे. एकदाच ती खाली मान घालून बोलली, "माह्या आत्यावर गावानं असंच मत टाकलं होतं. पुरावा कोणीच नाही मांगितला. गाव सोडून गेली ते... मंग कुठं गेली, मालूम नाही." आणि मशीन सुरू केलं. मी पुढे विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. माझी मुलगी तापानं आजारी पडली. आठ दिवस ताप उतरेना. सासूबाई म्हणाल्या, फ्रॉकचं माप द्यायला नेली त्या दिवशी त्या सखूनं डोक्यावरून हात फिरवला होता, तिथूनच सुरू झालं. मी विज्ञान शिकवणारी बाई. घरी मी सासूबाईंशी वाद घातला, पण रात्रंदिवस पोरीजवळ बसून डोकं फिरलं होतं. दुकानात गेले आणि सखूबाईंच्या देखत कमलला म्हणाले, "यांना काही दिवस इथे बसवू नको. लोक काय काय बोलतात."

कमलनं मशीन थांबवलं. बटणांचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. "टाक," ती म्हणाली. "काळं टाक. पण पुरावा सांग."

मी पिशवी उचलली.

"शाळेत काय शिकवतं वं तू पोरायले?"

शेवटचं प्रकरण शिवलेलं, अर्धं वाचलेलं पुस्तक तिथेच सोडून मी उठून निघून आले. सखूबाईंच्या हातातला शर्ट तसाच मांडीवर होता. पुढं तपासणीत टायफॉईड निघाला, औषधानं पोरगी बरी झाली. मग तर माझी तिकडे जायची हिंमतच होईना. चार महिने मी दुसऱ्या रस्त्यानं शाळेत गेले. एक दिवस भाचीच्या हाती फ्रॉक आला, बोटभर वाढवून शिवलेला, आणि निरोप: "तू आल्याशिवाय दोरा काढत नाही. सखूमाय रोज विचारून राह्यली, खुनी कोण म्हणून."

गेले. सखूबाई चटईवर सरकल्या, जागा केली. "पोरगी कशी हाय?" मला रडू फुटलं, माफी मागायची ती धड शब्दांत मागताही आली नाही. त्या म्हणाल्या, "रडू नको. वाच आता. चार महिन्यांपासून तो मेलेला मानूस तसाच पडून हाय." त्या दिवशी मतं घेतली तेव्हा त्यांनी काळं टाकलं नाही. पांढरंही नाही. बटण मुठीतच ठेवलं, आणि त्यानंतर प्रत्येक पुस्तकाला तसंच. ती मूठ मी दरवेळी पाहायचे.

शेवटचं पुस्तक आलं तेव्हा कमल अकोल्याच्या दवाखान्यात होती. विहिरीकाठी राहणारी चेटकीण आणि मेलेला सरपंच. मी ते तिला दाखवायला नेलं. पदराला खोचलेली सुई तिथेही होतीच. पडल्या पडल्या तिनं शेवटचं प्रकरण शिवलं. टाके वेडेवाकडे पडत होते. मी करते म्हटलं तर म्हणाली, "तुह्यावर भरोसा नाही, तू पाह्यशीन." गाठ मारली आणि म्हणाली, "आल्यावर वाचू."

दुकान आता भाची चालवते. गेल्या आठवड्यात आम्ही त्या शिवलेल्या प्रकरणाशी आलो. दोऱ्याला हात लावायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, राहू द्या, हे एवढं बंदच ठेवू. सखूबाईंनी पुस्तक मागून घेतलं. त्यांना हल्ली दिसतं कमी, पण बोटांना सगळं कळतं. गाठीपाशी बोट थांबलं. "हे काय लावलं वं तिनं?"

शर्टाचं पांढरं बटण. गाठ पक्की राहावी म्हणून लावलं असेल, असं मी इतके दिवस समजत होते.

"मत टाकून गेली," सखूबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या बटणावरून बोट फिरवत राहिल्या. मग डब्यात हात घालून चाचपून एक बटण काढलं आणि मुठीत न ठेवता वाटीत टाकलं. पांढरं. "काढ दोरा. कच्चा टाका हाय, काढासाठीच घातला तिनं."

भाचीनं आणि मी आपापली बटणं टाकली. दोरा एका ओढीत निघाला. कमलचं बटण मी वाटीत टाकलं, मतं मोजली आणि शेवटचं प्रकरण उघडलं.

"हळू वाचजो वं," सखूबाई म्हणाल्या. "लवकर नको संपवू."