गोऱ्याचं रगत

नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी वडिलांना जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितली. जीभ ठरेना. पुन्हा पुन्हा आत पळायची. मग चालायला लावलं, तर खांदे उडायला लागले आणि पाय भलतीकडेच पडायला लागले. आयुष्यात कधी दारूला न शिवलेले माझे वडील, पोस्टातून रिटायर झालेले, गेली काही वर्षं परभणीच्या रस्त्यांवरून झोकांड्या खात चालत होते आणि लोक हसत होते. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं.

“हा आजार रक्तातून येतो,” ते म्हणाले. “आईला किंवा वडिलांना असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. चाळिशीच्या आसपास दिसायला लागतो. औषधाने बरा होत नाही. यांच्या आईवडिलांत कुणाला होता?”

“आजी म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची. आजोबा तरुणपणीच विहिरीच्या कामावर असताना वारले.”

“म्हणजे आजोबांकडून असणार. दिसायच्या आधीच ते गेले.” मग त्यांनी फाईलवर नजर टाकली. “हे आडनाव कुठलं?”

“जर्मन. आजोबांचे वडील तिकडून आले होते.”

“मग तिकडूनच आला असेल,” डॉक्टर म्हणाले आणि फाईल मिटली.

मी चाळिशीला आले होते. मला एक मुलगी आहे. बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हणाले, “गोळ्या दिल्यात.”

आमचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ते लावणारे जगात फार थोडे आहेत आणि परभणी जिल्ह्यात फक्त आम्ही. हजेरी घेताना गुरुजी त्या जोडाक्षरांशी येऊन हमखास अडखळायचे. पणजोबा निजामाच्या राज्यात सेलूच्या जिनिंग कारखान्यात यंत्रं बसवायला आले आणि ती बसवून झाली तरी परत गेले नाहीत. तिथेच कापसाच्या पाट्या उचलणाऱ्या एका बाईशी त्यांनी लग्न केलं आणि वालूरला, महारवाड्यात, तिच्यासोबत घर केलं. पुढे आजोबांनी धम्म घेतला, पण आडनाव तेच राहिलं. लहानपणी मला त्याची केवढी ऐट होती! आता तेच नाव कुठे लिहिताना हात जड व्हायचा.

आत्याला फोन केला. ती ऐकून घेईपर्यंतही थांबली नाही. “गोऱ्याचं रगत हाय ते. त्यानंच आणलं बघ.” तिला स्वतःला काही होतंय का, हे ना तिने काढलं, ना मी.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. वर्गात शिकवताना खडू हातातून निसटला की आज कितव्यांदा ते मोजायची. भाजी चिरताना बोटांकडे बघत राहायची. न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहायची. नवरा दार वाजवायचा, “किती वेळ?” मी नळ सोडायची. मुलगी झोपेत पाय झाडायची तरी मी उठून दिवा लावायची.

वडिलांना आजार आहे हे कळलं होतं. तरी तो खरंच पणजोबांकडून आला का, हे मला जाणून घ्यायचं होतं. कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच. मोबाईलवर शोधत बसले. जर्मनीतल्या एका गावात आमचं आडनाव लावणारी एक बाई सापडली. मोबाईलकडूनच भाषांतर करून घेऊन तिला विचारलं. तिने कळवलं, आमच्याकडे असं कुणालाच नाही, माणसं म्हातारी होऊन जातात. मला वाटलं, लपवत असेल. आम्हीही लपवतच होतो की.

शेवटी वालूरला गेले. पणजोबांच्या शेजारच्या घरात वाढलेली एक म्हातारी अजून आहे, असं आत्या म्हणाली होती. म्हातारी पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसली होती. सुनेने चहा आणला. मी कुणाची कोण ते सांगितलं, तशी तिने माझा हात हातात घेतला.

“आजी, तुम्ही आमच्या पणजोबांना पाहिलं होतं?”

“गोऱ्याला? न पाहून कसं? आमची भिंत एकच व्हती.”

मी चहा संपवला, कप खाली ठेवला. “ते चालायचे कसे?”

“कसे म्हंजे? मानसासारके.”

“हात उडायचे का? अंग?”

“त्येचं कशाला उडल? म्हातारपनी बी कुलपं, घड्याळं नीट करायचा. गाव त्येच्याकडं यायचं. हात लय थीर.” मग म्हणाली, “उडायचं ते तिचं.”

“कुणाचं?”

“बायकोचं. तुज्या पणजीचं गं माय. उभी राह्यली की नाचल्यावानी करायची. लोक म्हनायचे देवी येती अंगात. बाया नारळ घिऊन पाया पडायला यायच्या, तर ह्यो दारातूनच हाकलायचा. ‘देवी न्हाई, दुखनं हाय,’ म्हनायचा. त्येला आपलं बोलनं नीट येत नव्हतं, पर तेवढं येत व्हतं. तिला मांडीशी धरून घास भरवायचा. ती ताट उडवायची, ह्यो पुन्ना कालवायचा. आमी लेकरं हासायचो.”

“शेवटपर्यंत?”

“ती मरंस्तोवर. तिच्या मायलाबी तसंच व्हतं म्हनं. तुज्या पणजीचं म्हायेर पेडगाव.”

मी इतके महिने ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याने काहीच आणलं नव्हतं. दुखणं इथलंच होतं, आणि पेडगावला पणजीच्या भावाची घरं होती. ती माणसं आमच्या लग्नांना यायची, आम्ही त्यांच्या.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. तोवर त्यांचं बोलणं फार अडखळायचं. त्यांनी एकच शब्द विचारला, “भरवायचा?”

“हो. रोज.”

ते स्वतःच्या हाताने जेवायचा हट्ट धरायचे, अर्धं अंगावर सांडायचं, पण कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून वरणभात खाल्ला.

मग मी नांदेडला जाऊन रक्त दिलं. निकालाच्या दिवशी डॉक्टर “नाही” म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारलं. तुम्हाला नाही, म्हणजे मुलीलाही नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. मी जिन्यात बसून रडले. पण भीती अशी एका शब्दाने जात नाही. आरशासमोर जीभ काढायची सवय सुटायला पुढे कितीतरी दिवस लागले.

आणि पेडगाव राहिलं होतं. मी दोनदा बसस्टँडवरून परत आले. त्यांना काय सांगायचं? बरा होत नाही असा आजार तुमच्यात असेल, हे सांगायला कुणाच्या दारात कसं जायचं? शेवटी गेले. पणजीच्या भावाची पणती, माझ्याच वयाची, नवरा वारल्यापासून माहेरीच राहत होती. तिने सगळं ऐकलं, मधेच उठून दार लोटलं आणि पुन्हा समोर येऊन बसली.

“माझे वडील असेच गेले,” ती म्हणाली. “आम्ही करणी म्हणत होतो.” मग घाईने म्हणाली, “ताई, हे गावात कुठं बोलू नका. पोरीच्या लग्नाची सुपारी फुटलीय.”

मी नाही बोलणार म्हणाले. पण त्या पोरीला तरी सांगायला पाहिजे, असंही म्हणाले. डॉक्टरांचा नंबर तिने मोबाईलमध्ये घेतला, नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही.

फाट्यापर्यंत ती सोडायला आली. बस दिसायला लागली तेव्हा तिने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “सुरुवात कशी होते?”

“हातातून वस्तू पडायला लागतात,” मी म्हणाले.

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. बस थांबली, कंडक्टर ओरडला. मी ती बस जाऊ दिली आणि तिच्याजवळ उभी राहिले.