न गेलेला फोन

लिमये सरांचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसराच मध्ये घुसतो. हडपसरला आमची छोटी कंपनी होती. एका नेत्रपेढीचं सॉफ्टवेअर करायचो. सर टीम लीड, सदाशिव पेठेतले. कौतुकसुद्धा रागावल्यासारखं करायचे!

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, आपण जेवायला कधी जातो?"

"भूक लागल्यावर." मानसुद्धा वर केली नाही.

*

आमच्या टीममधला प्रफुल्ल यवतमाळचा. एकदा त्याचा कोड चालला, तसा आनंदाने ओरडला, "सर, चाललं ना जी!"

"चाललं, की बरोबर चाललं?"

बिचारा परत खाली बसला.

*

हाच प्रश्न पुढे एकदा विचारायचा राहिला आणि ते महागात पडलं. डेटाबेसमधल्या 'व्यक्ती' या टेबलात, म्हणजे तक्त्यात, नाव, पत्ता, घरचा फोन. 'नेत्रदाता' हे टेबल त्याच्यावर उभं, दात्याचं नाव-पत्ता त्या खालच्या टेबलातूनच यायचं. दाता सेव्ह केला, की फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा, खालची व्यक्तीही आपोआप सेव्ह करतं. प्रफुल्लच्या कोडने आधीच नोंदवलेल्या व्यक्तीवर नवा दाता चढवला, पण फक्त दात्याचेच रकाने भरले. एरर नाही, काही नाही. आणि सेव्ह होताना खालचं जुनं नाव, पत्ता, फोन, सगळं पुसून कोरं!

नेत्रपेढीची एक पद्धत होती. दान केलेल्या डोळ्यांनी कुणाला दिसायला लागलं, की दात्याच्या घरी फोन जायचा. कुणाला, ते सांगायचं नाही. आम्हालाही ते कळायचं नाही. ते फोन गेलेच नाहीत. घरोघरी माणसं वाट बघत होती आणि आमच्या स्क्रीनवर रिकामे रकाने.

*

प्रफुल्ल राजीनामा घेऊन आला. सरांनी शांतपणे वाचला.

"शुद्धलेखनाच्या चुका आहेत. फाड. कोड मीही तपासला होता."

मग बॅकअपमधून नंबर काढले आणि सर स्वतः एकेका घरी फोन करायला लागले, उभे राहून. मी खुर्ची सरकवली. "असू दे," म्हणाले.

*

एक नंबर बंद लागत होता. पत्ता लोणी काळभोरचा. सरांच्या स्कूटरवर मागे बसून मीही गेले. ओट्यावर एक आजोबा बसले होते. बायको गेली तेव्हा त्यांनीच तिचे डोळे दिले होते.

"आजोबा, तुम्हाला फोन यायला हवा होता. आमच्या चुकीने राहिला," सर म्हणाले. "तुमच्या मंडळींच्या डोळ्यांनी एका माणसाला दिसायला लागलंय. माफ करा आम्हाला."

आजोबा ओट्यावरून थोडे पुढे सरकले.

"चांगलं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय."

"मंग त्यास्नी येवढं सांगा. तिनं लावल्याल्या सीताफळाला यंदा फळ धरलंय. येऊन बघून जा म्हणावं."

मी सरांकडे बघितलं; तो माणूस कोण, ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"चला आजोबा, झाड कुठंय? दाखवा मला."