मधली न कापलेली पानं

रंगराव गेल्याची बातमी मला साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कळली. त्याच्या गावचा एक माणूस बांधाच्या कसल्याशा तंट्यासाठी आला होता. मला बघून त्यानं पटका काढला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, तुमाला तार न्हाई मिळाली व्हय? आवं, आपलं रंगराव गेलं की! तापानं गेलं." मी तिथल्याच बाकावर बसलो. रंगराव माझा मावसभाऊ, माझ्याच वयाचा. डोळ्यांत पाणी आलंच. पण खोटं कशाला सांगू, पाण्याच्याही आधी एक विचार येऊन गेला. महिन्याभरापूर्वी त्याला परदेशातून एक नवी फ्रेंच कादंबरी आली होती. ती आता कुणाच्या हातात असेल?... असा मी माणूस. त्यामुळे या लेखात फार उदात्त काही सापडेल अशी आशा वाचकांनी धरू नये.

फ्रेंच आमच्या घराण्यात कशी शिरली ते आधी सांगतो. पुण्याला कॉलेजात असताना संस्कृतच्या भीतीनं आम्ही दोघांनी फ्रेंच घेतली. मी परीक्षेपुरती शिकलो. रंगरावला मात्र तिची चटकच लागली. शिक्षण अर्धवट सोडून तो मिरजेच्या पूर्वेला आपल्या गावी पानमळा करायला गेला, तरी ती सुटली नाही. त्याला जुने, थोर म्हणवणारे ग्रंथ नको असत. "ज्यांनी ते लिहिलं ती माणसं कवाच मेली," तो म्हणायचा. "मला आत्ताची पायजेत गड्या. तिकडं आज सकाळी माणसं काय बोलत असतील, त्ये वाचायचंय." त्याला त्यातून ज्ञान नको होतं, प्रतिष्ठा नको होती, नुसती मजा हवी होती. पानमळ्याच्या दाट सावलीत बसून परक्या भाषेतली गोष्ट वाचत एकटाच खुदुखुदु हसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि इतका जळालोय की विचारू नका. मला ते पुस्तक हवं असायचं असं नाही. मला ते हसू हवं असायचं.

फ्रेंच कादंबऱ्यांची पानं त्या काळी जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं घडीघडीनं कापत पुढं जायचं. पुस्तक ज्याला सापडेल त्यानं कापायचं आणि आधी वाचायचं, दुसऱ्यानं नंतर, असा नियम आम्ही केला होता. 'आम्ही' कसला, मीच केला होता. मी साताऱ्यात राहणार, पुण्या-मुंबईला माझं जाणंयेणं, पुस्तकं सगळी मलाच सापडणार, असा माझा सरळ हिशेब! आणि झालं उलटंच. मुंबईच्या पुस्तकवाल्याकडे मी जावं तर तो म्हणे, "नवीन एकच आलं होतं, ते मिरजेकडचे एक शेतकरी मागवून घेऊन गेले." मग माझ्याकडे यायची ती कापलेली पुस्तकं. विड्याची पानं खुडताना अंगठ्यात लोखंडी नखी घालतात, रंगराव तिनंच पुस्तक कापायचा. कडा इतक्या सुबक की त्याचाही मला राग यायचा. शिवाय पुस्तक हातात देता देता तो शेवट सांगून टाकायचा. "ती बाई वाड्यावरच ऱ्हाती हां शेवटी. काळजी करू नगंस." मी ओरडायचो, "अरे, वाचू दे की मला!" त्यावर तो म्हणे, "वाच की. कशी ऱ्हाती त्ये मी कुठं सांगितलंय?"

मग लढाई सुरू झाली, पॅरिस पडलं, आणि तिकडून पुस्तकं यायची बंद झाली. माझ्या मनाला थोडं बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते. पॅरिस पडल्याचं नव्हे हो, रंगरावची रसद तुटल्याचं. पण तो गप्प बसणारा नव्हता. त्याचा पुतण्या पलटणीतून सीरियाकडे गेला होता. त्याला यानं निरोप धाडला, पुस्तक फ्रेंच पाहिजे, नवं पाहिजे, आणि नवं कसं ओळखायचं तर पानं कापलेली नकोत. पोरगं लष्करी शिस्तीचं. रजेवर येताना त्यानं अगदी न कापलेलं, जाडजूड पुस्तक आणलं. ते निघालं डुकरं कशी पाळावीत याचं. मला केवढा आनंद झाला! मी मुद्दाम आगगाडीत बसून त्याच्या गावी गेलो, त्याची फजिती बघायला. तर हा मळ्यातल्या खोपीत आडवा पडून डुकरांचं पुस्तक वाचतोय, आणि हसतोय. मला म्हणाला, "लय झ्याक हाय रं. लिवणाऱ्याचं बायकूशी पटत न्हाई, असं वाटतंय." आणि मग जरा गंभीर होऊन, "शेवटी डुक्कर मरतं."

पुढं कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी झाली. रंगराव तिथं मळ्यातली केळी घेऊन जायचा. एकदा केळी उतरवताना त्याला एका बराकीच्या पायरीवर पांढऱ्या केसांची बाई दिसली, हातात पिवळ्या वेष्टनाचं पुस्तक. ती पूर्वी तिकडे शाळेत फ्रेंच शिकवायची. त्या दिवशी केळी कोणी मोजून घेतली कोण जाणे. दोघं पायरीवरच बसून राहिली होती म्हणे. पुढच्या खेपेला मीही बरोबर गेलो. साताऱ्यापासून वळिवड्यापर्यंत एक फ्रेंच वाक्य मनात घोकत होतो, बाईंच्या प्रवासाबद्दल सहानुभूती दाखवणारं. बाई समोर आल्या, हसल्या, आणि माझ्या तोंडून जेमतेम 'आभार' एवढाच शब्द निघाला. कशाबद्दल आभार ते त्यांनाही कळेना. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी ऐकायला मला आवडेल." रंगराव मात्र मिरजेकडच्या हेलात, शब्द लांबवत, बेधडक फ्रेंच बोलत होता. त्या मधूनमधून त्याचं वाक्य दुरुस्त करत होत्या, आणि दोघांना एकाच वेळी हसू फुटत होतं. एवढी मोठी बाई, घरदार गेलेली, मुलगा लढाईत हरवलेला... पायरीवर बसून हसत होती. मी केळ्यांच्या घडाकडे बघत उभा राहिलो. परतताना रंगराव म्हणाला, "वकील, तू लय गप हुतास रं." मी म्हणालो, "माझा घसा बसलाय."

लढाई संपली, छावणी उठली, बाई दूर कुठं परमुलखात गेल्या. तिथून त्यांनी रंगरावला एक कादंबरी पाठवली, लढाईनंतर छापलेली, कोरी करकरीत. त्याचं कार्ड आलं, "आलंय. तू आत्ता येऊ नगंस. माझं होऊ दे." मी हट्टानं गेलो नाही. आणि त्याचं व्हायच्या आत ताप आला.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनी, म्हणजे रंगरावची बायको, मळ्याच्या खोपीत पानं लावत बसल्या होत्या. खुडलेली पानं एकावर एक रचून त्यांच्या कवळ्या बांधायचं काम, घरात कुणी गेलं म्हणून थांबत नाही. मी पुस्तकाचं कसं विचारावं याचा विचार करत होतो, तोवर त्यांनीच ते पुढं केलं. "घ्या भाऊजी. तुमचा जीव ह्यात अडकलाय, ठावं हाय मला." मी उघडलं. सुरुवातीचा भाग कापलेला, शेवटची घडी कापलेली, मधलं सगळं तसंच बंद. मधलं सोडून शेवटची घडी त्यानं का कापली असेल ते मी विचारलं नाही.

"मधलं तेवढं ऱ्हायलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगा आता."

"म्हणजे? तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे?"

"आवं, मला कुठली ठावं न्हाई? लगीन झाल्यापास्नं पानं लावताना रोज सांगत हुते की. त्यांनी वाचायचं, लगेच मला सांगायचं. मग तुमच्याकडं धाडायचं."

म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला दुसरा समजत होतो, तो तिसरा होतो! घराण्यात गोष्टी सांगायला लग्नकार्यात मला बसवतात, आणि इथं सबंध फ्रान्स या खोपीत रोज सांगितला जात होता, मला पत्ता नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी त्या दुपारी केला.

वहिनींनी गोष्ट सांगितली. एका गावात दोन बहिणींची पावाची भट्टी असते. धाकटी एका सकाळी न सांगता गाडीत बसून निघून जाते. तिचा कामाचा फडका खुंटीला तसाच. आणि शेवटी ती परत येते. थोरली काही विचारत नाही, खुंटीवरचा फडका काढून तिच्या हातात देते, आणि दोघी कणीक मळायला लागतात. "लय ताप हुता, तरी उठून बसून सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पण मधी कुठं हुती ती? आन थोरलीनं इचारलं कसं न्हाई?"

मी शेवटची पानं चाळली. माझी फ्रेंच कच्ची असली तरी एवढी कच्ची नाही. पुस्तकात धाकटी परत येत नाही. थोरली भट्टी विकते, नवा मालक खुंटीवरचा फडका भांडी पुसायला घेतो, आणि संपतं. मी दोनदा वाचलं... आयुष्यभर मला शेवट सांगून टाकणाऱ्या या माणसानं बायकोला मात्र दुसराच शेवट सांगितला होता, आणि तो त्या फ्रेंच लेखकाच्या शेवटापेक्षा चांगला होता. हे लिहिताना अजूनही माझं पोट दुखतंय. (हा लेख रंगरावच्या गावात, वहिनींच्या कानावर जाईल असा, कुणी मोठ्यानं वाचू नये, एवढी विनंती.)

मी पहिली बंद घडी बोटानं फाडायला गेलो. "आवं, चिंध्या करताय," म्हणून वहिनींनी पुस्तक ओढून घेतलं आणि अंगठ्यात नखी चढवून पानांच्याच सफाईनं सगळ्या घड्या कापून दिल्या. कापायचं माझ्या नशिबात नव्हतंच. मी वाचायला लागलो. दर शब्दाला अडखळत होतो, आणि अडलं की आपलं काहीतरी घालत होतो. थोड्या वेळानं वहिनी पान रचता रचता म्हणाल्या, "भाऊजी, ह्ये तुमचं हाय. त्यात न्हाई."

"तुम्हाला काय कळलं?"

"पुस्तकातलं सांगताना तुमी खाली बघता. सोताचं असलं की माझ्याकडं."

"आणि रंगराव?"

"त्ये कवाच वर बघत न्हवते."

मी परत पुस्तकात बघितलं. त्या पानावर धाकटी एका बंदराच्या गावात होती आणि घराकडच्या गाडीकडे पाठ करून चालत निघाली होती. मी पानावरची नजर हलवली नाही. तसाच खाली बघत, ओळीवर बोट ठेवून, अगदी सावकाश सांगत राहिलो, की मग ती थांबली, वळली, आणि तिनं तिकीट काढलं.

"काढलं?" वहिनींनी विचारलं.

"काढलं," मी म्हणालो. वर बघितलं नाही.